दुमजली घराचं बांधकाम: बेल्टच्या आधी कठडा

पहिल्या स्लॅबवर सेफ्टी बेल्टचा भरवसा धरू नका. बेल्टची दोरी १.८ मीटर, तिच्यातली धक्का शोषणारी पट्टी उसवली की आणखी सव्वा मीटर किंवा जास्त, बेल्टच्या पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर, शिवाय मीटरभर राखीव अंतर. दोरीचा हूक पायाच्या पातळीला अडकवला असेल तर खाली साडेपाच-सहा मीटर मोकळे लागतात. स्लॅब असतो तीन मीटरवर, म्हणजे माणूस बेल्टसकट जमिनीवर आपटतो. बेल्ट वापरायचाच तर पूर्ण अंगाचा घ्या आणि कडेपर्यंत पोचताच येणार नाही इतकी दोरी आखूड ठेवा.

खरं काम कठड्याचं, आणि तो स्लॅब भरायच्या आधी हवा, कारण भरणीच्या दिवशीच कडेला सगळ्यात जास्त माणसं असतात. बाहेरच्या पहाडाचे (कामासाठी उभारलेल्या बांबूंच्या सांगाड्याचे) उभे बांबू स्लॅबच्या वर सव्वा मीटर काढा. एक आडवा बांबू मीटरभर उंचीवर, दुसरा त्याच्या निम्म्यावर, तळाशी १५ सेंटीमीटरची फळी. पहाड आणि स्लॅबमधली फट फळ्यांनी झाका. कॉलमच्या सळ्यांना नुसती दोरी गुंडाळणं म्हणजे कठडा नव्हे. माणूस टेकला की ती झोल खाते. पॅराफिटची (स्लॅबच्या कडेच्या बुटक्या भिंतीची) वीट चढेपर्यंत कठडा सोडू नका.

डक्टवर (पाइपांसाठी स्लॅबमध्ये ठेवलेल्या भोकावर) सुटं प्लाय टाकणं उघड्या भोकापेक्षा वाईट. बिगारी ते दोन्ही हातांनी उचलतो, पुढचं दिसत नाही, आणि पुढच्या पावलाला खाली जातो. प्लाय चारही बाजूंनी पक्कं ठोका, वर रंगाने ‘खाली भोक’ लिहा. त्याहून बरं म्हणजे सळ्यांची जाळी डक्टवरून सलग नेणं. पाइप टाकतानाच ती कापायची. जिन्याच्या मोकळ्या बाजूलाही वरच्यासारखाच कठडा.

पहाडाचा चिरलेला, भुंगा लागलेला बांबू बाजूला काढा. उभ्या बांबूखाली फळी द्या, विटांचे तुकडे नकोत. चालायला किमान तीन फळ्या शेजारी-शेजारी, दोन्ही टोकं बांधलेली. टोक आधाराबाहेर वीतभरच असावं. जास्त असलं की त्यावर पाय पडताच फळी उलटते. प्रत्येक मजल्यावर पहाड इमारतीला बांधलेला हवा. प्लास्टरवाला अडचण होते म्हणून हे बांध सोडतो, तिथे लक्ष ठेवा. पावसानंतर सगळ्या गाठी पुन्हा आवळा.

शिडी: चार फूट उंचीला पाया भिंतीपासून एक फूट लांब, चढायच्या जागेच्या वर मीटरभर जास्त, डोकं बांधलेलं.

छपराच्या सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय ठेवू नये, खिळ्यांच्या रांगेवरूनही नाही. दोन-तीन पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या आधारांवर) टेकेल अशी लांब फळी टाकून तिच्यावरूनच चाला.