मेंदूवरची औषधं देताना या चुका टाळा

म्हापशात औषधाच्या दुकानात बसतो. गेली कित्येक वर्षं सर्वांत जास्त चीड आणणारी चूक म्हणजे गोळी कुटून देणं. एका आजींना अर्धांगवायूनंतर फिट येऊ लागल्या, म्हणून कार्बामाझेपिनची सीआर गोळी चालू होती. सकाळची पेज झाली की दोन-तीन तासांनी त्या झोकांड्या खात, समोर दोन-दोन माणसं दिसतात म्हणत. घरच्यांना वाटलं, पुन्हा झटका आला. मुलगा पुढचं पाकीट न्यायला आला तेव्हा विचारलं, "गोळी देता कशी?" "खलात कुटून, पेजेत. आईला गिळायला जड जातं."

सीआर म्हणजे औषध तासन् तास थोडं थोडं सुटावं अशी बांधलेली गोळी. कुटली की ती बांधणीच मोडते, सगळं औषध एकदम रक्तात उतरतं आणि तिथून मेंदूत. रेघ असेल तर ती मधोमध मोडता येते, पण कुटायची किंवा चावायची नाही. डॉक्टरांनी आजींना सिरप लिहून दिलं. सिरप लवकर चढतं, म्हणून दिवसाचा डोस अधिक वेळा विभागून. पाच मिनिटं वाचवायला गोळी कुटणाऱ्यांना मी हे पुनःपुन्हा सांगतो. सीआर किंवा त्याच अर्थाचं एसआर, ईआर लिहिलेल्या प्रत्येक पाकिटावर लाल पेनाने "कुटू नका" लिहिल्याशिवाय मी ते हातात देत नाही.

दुसरी चूक फिट चालू असताना होते. कपाटात फिट थांबवणाऱ्या मिडाझोलामचा नाकातला स्प्रे असतो आणि माणसं कांदा हुंगवतात, चमच्याने तोंड उघडून पाणी ओततात! पाणी श्वासनलिकेत जातं. गोळी गिळता आली तरी तिचा मोठा वाटा यकृतातच मोडतो. नाकातल्या त्वचेखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे. तिथून औषध यकृत टाळून थेट रक्तात जातं. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहिलेले पफ दोन्ही नाकपुड्यांत वाटून द्या आणि १०८ लावा. स्प्रे कुठे आहे ते घरातल्या पोरांनाही ठाऊक हवं.

"सुईच द्या, लवकर उतरेल" हाही गैरसमजच. फिट थांबवणारं डायझेपाम शिरेतून चटकन पोचतं, पण स्नायूत टोचलं तर हळू आणि बेभरवशाने शोषलं जातं.

फेंटानिल या जबर वेदनाशामकाच्या, त्वचेवर चिकटवायच्या पट्टीवर गरम पाण्याची पिशवी कधीच नको. उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं आणि श्वास मंदावतो.

पार्किन्सनची लेव्होडोपा शीत-हुमणाबरोबर, म्हणजे भात-माशाच्या आमटीबरोबर, घेऊ नका. माशातली प्रथिनं आतड्यात आणि मेंदूच्या दारातही तिच्याशी स्पर्धा करतात. जेवणाआधी अर्धा तास घ्या. मळमळलं तर दोन साधी बिस्किटं चालतात.