मसाई माराला जाताय? या चुका टाळा

ताडोबाच्या फेऱ्यांना सरावलेला माणूस केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात पहिल्याच दिवशी ड्रायव्हरच्या मागे लागतो, 'चला, पुढे बघू.' ताडोबात फेरी मोजक्या तासांची, झाडी दाट, त्यामुळे तिथली घाई समजू शकते. मारा मात्र मोकळं गवताळ माळरान आहे. वारुळावर चढून बसलेला चित्ता दिसला आणि दोन-तीनशे मीटरवर गॅझेल (हरणासारखे छोटे प्राणी) चरत असतील, तर इंजिन बंद करायला सांगा आणि तासभर तिथेच थांबा. चित्ता शिकार बहुतेक दिवसाच करतो. (आपल्याकडे बिबट्यालाही सर्रास चित्ता म्हणतात, म्हणून खूण लक्षात ठेवा: डोळ्यापासून तोंडापर्यंत उतरणारी काळी रेघ फक्त चित्त्याला असते. बिबट्याच्या अंगावर फुलासारखे ठिपके असतात.)

दुसरी चूक जरा महागडी. वाइल्डबीस्टचे (गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे) कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर मारात असतात, म्हणून लोक दोन रात्रींचं पॅकेज घेतात आणि कळपाचं मारा नदी ओलांडणं दिसलंच पाहिजे असा हट्ट धरतात. कळप काठावर तासन्‌तास उभा राहतो आणि कधी कधी तसाच माघारी फिरतो. किमान तीन-चार रात्री ठेवा. गाडी काठापासून मागेच राहू द्या. उतरायच्या वाटेवर गाड्या आल्या की कळप बिचकतो.

2024 पासूनच्या दरांनुसार परदेशी प्रौढांना प्रवेश जुलै ते डिसेंबर दिवसाला 200 डॉलर, जानेवारी ते जून 100 डॉलर, आणि तिकीट सकाळी 6 ते संध्याकाळी 6 असं बारा तासांचं. पॅकेजमध्ये नेमक्या किती दिवसांची फी धरली आहे, हे लेखी विचारा. मुक्काम अभयारण्याच्या आत असेल तर शेवटच्या दिवशी सकाळी 10 च्या आत गेटबाहेर पडा, नाहीतर आणखी एका दिवसाची फी बसते.

पिवळ्या तापाची लस 'केनिया मागत नाही' म्हणून टाळू नका. परतताना भारतच प्रमाणपत्र मागतो, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर चाकांची कडक सूटकेस घरीच ठेवा. मर्यादा सहसा 15 किलोची, तीही हातातल्या सामानासकट, आणि बॅग मऊ लागते.

फोटो हललेले येतात, त्याचं कारण बहुतेक वेळा चालू इंजिन किंवा गाडीत कुणीतरी केलेली हालचाल. कापडी पिशवी रिकामी न्या, नैरोबीत दोन किलो तांदूळ भरा आणि गाडीच्या उघड्या छताच्या कडेवर ठेवून त्यावर लेन्स टेकवा. पळत्या प्राण्यासाठी शटर 1/1000 पेक्षा मंद नको. दुपारी लांबचे फोटो धूसर आले तर लेन्सला दोष देऊ नका. तापलेल्या जमिनीवरची हवाच लहरत असते. धुळीत लेन्स बदलू नका, कॅमेऱ्यावर उशीचा जुना अभ्रा चढवा. ड्रोन नेऊच नका, परवानगीशिवाय विमानतळावरच जप्त होतो.

जुलैतही जाड जॅकेट हवं, पहाटे छत उघडं असताना चांगलंच गारठायला होतं. आणि चिवडा-चकली डब्यात न्या: प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर केनियात 28 ऑगस्ट 2017 पासून बंदी आहे.