आधी दोन थेंब पाणी, मग नाव

इंदुरातल्या जुन्या वाड्यांची काळ्या दगडाची जोती, विहिरींचे कठडे पावसाळ्यात हिरवे होतात आणि आपण सगळ्यालाच शेवाळं म्हणून मोकळे होतो. त्यातलं हायोफिला इनव्होल्युटा हे मॉस, म्हणजे बारीक पानांची बिनफुलांची बुटकी वनस्पती, ओळखायचं तर एक दिवस ऊन पडू द्या. वाळलं की त्याच्या पानांच्या कडा सुरळीसारख्या आत वळतात, मॉसची गादी काळपट दिसते. गादी न खरवडता चिमूटभर उचला आणि वर दोन थेंब पाणी टाका. जिभेच्या आकाराची पानं बघता बघता उलगडून चांदणीसारखी पसरतात. कितीदाही बघितलं तरी माझं मन भरत नाही!

फसवतं ते बार्ब्युला हे दुसरं मॉस. तेही वाळून पिळवटतं, पण त्याच्या पानांच्या कडा मागे मुडपलेल्या असतात. खात्री हवी तर दहापट भिंगातून पिकलेली बोंडं, म्हणजे बीजाणूंच्या डब्या, बघा: टोपण गळाल्यावर बार्ब्युलाच्या तोंडाशी पीळ पडलेले बारीक तंतू दिसतात, हायोफिलाचं तोंड कोरंच. बोंडं नसली तर पानांच्या बगलेत ताऱ्यासारख्या सूक्ष्म कळ्या शोधा, त्या हायोफिलाच्या. ब्रायम अर्जेंटियम हे तिसरं मॉस मात्र लांबूनच चंदेरी चमकतं, तिथे भिंगही नको.