उपदेशातून शिकवण गळते ती अशी : या चुका टाळा

रविवारची उपासना सुटल्यावर मंडळी, म्हणजे चर्चमधली माणसं, घरी काय घेऊन जाते? बरेचदा ‘धीर धरा, प्रार्थना करा, चांगलं वागा’ एवढंच. हे तर कुणीही सांगेल. देव त्रैक्य आहे (पिता, पुत्र आणि आत्मा असा एकच देव), शब्द देही झाला (देवाचा पुत्र येशू माणूस झाला), तारण म्हणजे पापातून सुटका कृपेनेच होतं, ही मंडळीची स्वतःची शिकवण मात्र कानावर पडतच नाही.

कोवळ्या दावीदाने गोफणीने धिप्पाड गल्याथाला पाडलं, त्यावरचा उपदेश घ्या. ‘तुमचा गल्याथ कोण? कर्ज? आजार? उचला गोफण!’ ऐकणारा पेटतो आणि सोमवारी गोटा हुकला की स्वतःलाच दोष देतो. बायबलमधल्या 1 शमुवेल 17 मध्ये अख्खं सैन्य घाबरून उभं आहे आणि सगळ्यांच्या वतीने एकटा दावीद लढतो. आपली जागा त्या सैन्यात आहे. आपल्यासाठी लढला तो दावीदाचा पुत्र, म्हणजे त्याच्या वंशातला येशू. वधस्तंभाची वाट इथून निघते.

त्रैक्यासाठी पाणी, बर्फ, वाफ ही उपमा मीही संडे स्कूलमध्ये कितीतरी वर्षं दिली. पण एकच पाणी पाळीपाळीने तीन रूपं घेतं, म्हणजे पिता, पुत्र, आत्मा ही एकाचीच तीन सोंगं झाली! साबेल्लियस या शिक्षकाच्या नावाने ओळखली जाणारी ही शिकवण मंडळीने तिसऱ्या शतकातच नाकारली. त्यापेक्षा मत्तय 3 उघडा. पुत्र पाण्यातून वर येतोय, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, पिता आकाशातून बोलतोय. तिघेही एकाच वेळी. मुलांना एवढं समजतं.

शब्दही जपून वापरा. ‘तारण’ म्हटलं की नवख्याला सोनं ठेवून काढलेलं कर्ज आठवतं, तेव्हा अर्थ फोडून सांगा. सोपा म्हणून ‘अवतार’ नको. अवतार संपतो, येशूने मात्र घेतलेला देह पुनरुत्थानानंतरही टाकला नाही. म्हणून देहधारण.

वाद होईल म्हणून बाप्तिस्म्यावर बोलायचंच टाळतात. 1970 साली नागपुरात सहा मंडळ्यांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, ती बालकांचा आणि प्रौढांचा बाप्तिस्मा या प्रश्नावर वर्षानुवर्षं बोलूनच. दोन्ही रीती मान्य झाल्या.

एका दफनविधीनंतर मृताच्या पत्नीने मला विचारलं, “आता ते नुसता आत्माच राहणार का हो?” पंचवीस वर्षं उपासनेला येणारी बाई. शरीराचं पुनरुत्थान तिने आमच्याकडून कधी नीट ऐकलंच नव्हतं. तिथेच कबरीपाशी 1 करिंथ 15 उघडला. आता ईस्टरची वाट न पाहता वर्षातून दोन-तीन रविवार तोच अध्याय घेतो.