लंडनला राजघराण्यात बाळ झालं की आपल्या हॉलमध्ये काय बोलायचं

तारीख पक्की लक्षात आहे, २३ जुलै २०१३, इंदूरला सकाळपासून पाऊस आणि आम्ही सगळ्या सुदामा नगरातल्या घरी हॉलमध्ये. आदल्या रात्री एक वाजता लंडनहून बातमी आली होती की राजपुत्र विल्यमच्या बायकोला, केटला मुलगा झाला, आणि सकाळी सगळ्या चॅनलवर तेच चालू. वहिनीला आठवा लागलेला, पुढच्या आठवड्यात ती देवासला माहेरी जाणार होती बाळंतपणाला, खाली सतरंजीवर बसून भुट्टे किसत होती कीस करायला. टीव्हीकडे बघत काकू म्हणाल्या, पहिल्या खेपेलाच मुलगा, सुटली बाई, आता कोणी काही बोलायला नको. काकूंच्या मनात काही नव्हतं हो, टीव्हीतल्या बाईबद्दल बोलत होत्या. पण किसणी थांबली. अर्धं कणीस हातात तसंच, आणि वहिनी नुसती परातीत बघत बसली. सप्टेंबरमध्ये देवासहून तिचा फोन आला तेव्हा मुलगी झाली एवढं सांगून ती गप्प झाली, आणि मग पहिला प्रश्न काय विचारला तर, काकू काय म्हणाल्या?

तेव्हापासून माझं मत आहे की तिकडच्या बाळावर आपण जे बोलतो ते तिकडे कोणाला ऐकू जात नाही, ते आपल्याच घरातल्या पोरी ऐकतात. म्हणून हे सगळं लिहितेय, पुढच्या वेळी अशी बातमी आली की कसं वागायचं ते.

आधी बातमी नीट घ्या. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेपाच, त्यामुळे "अजून कसं सांगत नाहीत" म्हणून रात्रभर ग्रुपवर विचारत बसू नका. केटच्या त्या बाळाचा, जॉर्जचा जन्म तिथले दुपारचे ४ वाजून २४ मिनिटं, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजत आलेले, आणि जगाला सांगितलं चार तासांनी. ते चार तास घरच्यांचे होते, आणि मला हे फार आवडलं, आपल्याकडे तर लेबर रूमच्या दारातूनच फोटो निघतो. सांगायची त्यांची जुनी रीतही छान आहे, बकिंगहॅम पॅलेसच्या आवारात लाकडी स्टँडवर फ्रेम केलेला कागद लावतात, डॉक्टरांच्या सह्या असलेला. त्या दिवशी तो कागद लावायला जे दोघं आले त्यातला एक मुलगा आपल्या कोलकात्याचा होता, राजवाड्यात नोकरीला. आणि हां, त्याच दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर लाल झगा आणि पिसांची टोपी घालून घंटा वाजवत एक गृहस्थ घोषणा करत होते, ते जगभरच्या चॅनलवाल्यांनी राजवाड्याचा माणूस म्हणून दाखवले, प्रत्यक्षात ते आपल्या हौसेने आले होते. तेव्हा थाटमाट दिसला म्हणून फॉरवर्ड करू नका, राजवाड्याचं निवेदन आलं का ते बघा, मग पाठवा.

आता पहिलं वाक्य. ग्रुपवर असो की हॉलमध्ये, पहिलं विचारायचं ते बाळंतिणीबद्दल. आपल्याकडे तार पाठवायचे त्या काळापासून "बाळ-बाळंतीण सुखरूप" असंच लिहायची पद्धत आहे, आणि त्या पॅलेसच्या कागदावरही हाच मजकूर असतो, सुखरूप सुटका झाली, आई आणि बाळ दोघं ठीक आहेत. किती वाजता, मुलगा की मुलगी, वजन किती, हे सगळं त्याच्या मागून. हा क्रम पाळला ना तरी अर्धं काम झालं, कारण तुम्ही कशाची चौकशी आधी केली हे घरातली गरोदर पोर बरोबर टिपते.

मुलगा-मुलगीवर काय बोलायचं? आपल्याकडे मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, आणि पेढ्याच्या वेळी आवाज थोडा मोठा, हे सगळ्यांना माहीत आहे. तर अशी बातमी आली की कोणीतरी म्हणणारच, राजाला मुलगाच हवा. तेव्हा शांतपणे सांगायचं की तो नियम त्यांनी स्वतःच काढून टाकला. आधी धाकटा भाऊ मोठ्या बहिणीला मागे टाकून गादीच्या रांगेत पुढे जायचा, आता २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांना ते लागू नाही. कायदा २०१३ चा, पण राणीला मानणाऱ्या सगळ्या सोळा देशांनी होकार देईपर्यंत थांबावं लागलं आणि अंमल सुरू झाला २६ मार्च २०१५ ला. त्यानंतर सव्वा महिन्याने, २ मे ला जॉर्जची बहीण शार्लट झाली. २०१८ मध्ये लुई झाला तरी ती आपल्या जागेवर, भाऊ तिच्या मागे. आणि इंदूरकरांना तर लंडनचं उदाहरण द्यायचीही गरज नाही खरं म्हणजे, अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ राज्य चालवलं त्याच मातीत आपण राहतो, आणि यशवंतराव होळकर १९६१ मध्ये गेले तेव्हा मुलगा असतानाही त्यांच्या मागे घराण्याच्या प्रमुख झाल्या त्या त्यांच्या मुलीच, उषाराजे. आज ज्याला होळकर स्टेडियम म्हणतात त्याला २०१० पर्यंत त्यांचंच नाव होतं. हे काकूंना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, अगं मी तिथे मॅच बघायला गेलेय, हे नाव कोणाचं ते कधी विचारलंच नाही.

वजन. ते पौंडात सांगतात, एक पौंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम, जॉर्ज ८ पौंड ६ औंस म्हणजे ३.८ किलोचा, लुई त्याहून किंचित जास्त. हिशोब करा, पण मनात करा. आमच्या पुतणीचं वजन २.४ होतं आणि "त्यांची बाळं बघा कशी गुटगुटीत" हे वाक्य वहिनीच्या कानावर इतक्यांदा पडलं की ती दूध पाजताना दार लावून घ्यायला लागली. रंगाचंही तसंच, आणि हे मी जरा जोर देऊन सांगते. विल्यमचा भाऊ हॅरी आणि त्याची बायको मेगन यांचा आर्ची ६ मे २०१९ ला झाला तेव्हा बीबीसीच्या एका नावाजलेल्या निवेदकाने कपडे घातलेल्या चिंपांझीचा फोटो टाकला आणि त्याची नोकरी गेली, आणि नंतर २०२१ च्या मुलाखतीत मेगनने सांगितलं की बाळ किती सावळं होईल यावर घरात बोलणं झालं होतं. आपल्याकडे सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. आणि आपण पाळण्यापाशी वाकून पहिलं काय बोलतो? रंग कोणावर गेलाय गं. कानाच्या पाळ्या बघून रंग सांगणाऱ्या आज्या अजून आहेत. मेगनबद्दल वाईट वाटलं असेल तर ते वाक्य आपल्या घरातून बंद करा, दुसरं काही करू नका.

सगळ्यात जास्त बोललं जातं ते त्या पायऱ्यांवरच्या फोटोवर. लुईच्या वेळी, २३ एप्रिल २०१८, सकाळी अकराला बाळ झालं आणि सात तासांत केट लाल ड्रेस आणि हिल्स घालून दवाखान्याच्या पायऱ्यांवर. संध्याकाळपासून फॉरवर्ड सुरू, बघा ती सात तासांत उभी आणि आमच्या सुना सव्वा महिना झोपून, डिंकाचे लाडू आणि शेकशेगडी. हा फॉरवर्ड आला तर तिथेच थांबवा, आणि उत्तर तयार ठेवा. एक, तिच्या मागे केस करायला, कपड्याला, बाळ धरायला माणसं होती. दोन, तिकडे सगळं सुरळीत असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात, आणि मग सुईणबाई सरकारी खर्चाने घरी येऊन बघून जातात, ती सोय आपल्याकडे आई आणि सासू करते. तीन, केटने स्वतः २०२० मध्ये सांगितलं की त्या पायऱ्यांवर उभं राहताना भीती वाटली होती. आणि तिन्ही गरोदरपणांत तिला इतक्या उलट्या होत होत्या की पहिल्या वेळी दवाखान्यात ठेवावं लागलं, ते कोणी फॉरवर्ड करत नाही. जॉर्जच्या वेळी तर दुसऱ्याच दिवशी बाहेर आलेल्या बाईचं पोट अजून दिसतंय म्हणून लोक बोलले, अरे दिसणारच, गर्भाशय आकसायला सहा आठवडे लागतात. लुई झाला त्या रात्री आमच्या ग्रुपवर तो सात तासांचा फॉरवर्ड आमच्या मामांनी टाकला आणि त्याखाली काकूंनी, ह्याच काकूंनी, टाइप केलं, सात तासांत हिल्स घालायला लावल्या त्या पोरीला, टाके दुखत असतील. वहिनीने मला तो स्क्रीनशॉट पाठवला, खाली एक शब्दही न लिहिता.

दवाखान्यात फोन करून थट्टा करणाऱ्यांचं एक सांगून पुढे जाते. डिसेंबर २०१२ मध्ये रेडिओवाल्यांनी राणीचा आवाज काढून केटच्या दवाखान्यात फोन लावला, ज्या नर्सने तो खरा समजून पुढे जोडला ती आपल्या मंगळूरकडची, आणि तीन दिवसांनी तिने जीव दिला. बाळाच्या निमित्ताने गंमत करायची असेल तर ज्याला उलट बोलता येत नाही अशा माणसाची करू नका.

राजेशाहीच नको म्हणणारे असतात घरात. आमचे आजोबा म्हणतात, महिदपूर विसरलात का, डिसेंबर १८१७ मध्ये तिथे होळकरांची फौज इंग्रजांपुढे हरली आणि जानेवारीत मंदसौरला तह करावा लागला, आणि तुम्ही त्यांच्या पाळण्याला झोके देताय. त्यांना गप्प करू नका, त्यांचं बरोबर आहे. इंग्लंडमध्येही राजा नको म्हणणारे पुष्कळ आहेत, तिथल्या गार्डियन पेपरने तर जॉर्जच्या वेळी वेबसाइटवर एक बटण ठेवलं होतं, ते दाबलं की बाळाच्या सगळ्या बातम्या गायब. एवढंच बघायचं की राग गादीवर काढायचा, कालच्या बाळावर नाही.

नावाला घाई करू नका. जॉर्जचं दोन दिवसांनी कळलं, लुईचं चार दिवसांनी, जॉर्जच्या आजोबांचं, चार्ल्सचं १९४८ मध्ये महिन्याने. आपण तरी कुठे बारशाच्या आत सांगतो. आणि जाहीर झालं की नावाला नावं ठेवू नका, हॅरीच्या मुलीचं लिलिबेट ऐकून लोक हसले, ते पणजीचं घरातलं लाडाचं नाव. आपल्याकडे आजीचं नाव नातीला ठेवतात तेव्हा कसं कौतुक वाटतं.

आणि काही पाठवावंसं वाटलंच तर? मुंबईच्या डबेवाल्यांनी आर्चीसाठी चांदीचे दागिने घेतले होते, चार्ल्स २००३ मध्ये मुंबईत त्यांना भेटले तेव्हापासूनचं त्यांचं नातं आहे, त्यांना शोभतं. बाकीच्यांसाठी आर्चीच्या आईवडिलांनीच सांगितलं होतं की भेटी नकोत, गरजू मुलांसाठी द्या. आम्ही तेव्हापासून असंच करतो. जुन्या मऊ सुती साड्यांची दुपटी, चार पदरी नाही, दोनच, म्हणजे लवकर वाळतात, गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून. वीस झाली की जवळच्या सरकारी प्रसूती वॉर्डात. आधी जाऊन सिस्टरला विचारा घेतात का, काही ठिकाणी वापरलेलं कापड चालत नाही, मग नवीन मलमल घ्या. झबल्याला बटण लावू नका, नाडी लावा. आणि टोपडी मोजून द्या, मुलांची निळी मुलींची गुलाबी असं वेगळं करत बसू नका, पिवळी शिवा सगळी.