आयसीयूत चिवट जंतू पसरताना होणाऱ्या चुका

नवा रुग्ण सापडला नाही म्हणून साथ थांबली असं धरून चालणं, ही सर्वांत महागात पडणारी चूक. अमेरिकेत बेथेस्डाच्या एनआयएच (राष्ट्रीय आरोग्य संस्था) क्लिनिकल सेंटर या संशोधन रुग्णालयात जून 2011मध्ये एक रुग्ण न्यूयॉर्कहून आली. तिच्या शरीरात कार्बापेनेम या जालीम अँटिबायोटिक्सना न जुमानणारा क्लेबसिएला हा जंतू होता. तिला वेगळं ठेवलं, 15 जुलैला ती घरी गेली. तीन आठवड्यांनी दुसऱ्या रुग्णात तोच जंतू निघाला. एकूण 18 जणांना तो लागला. 11 दगावले, त्यांतले 6 थेट या संसर्गाने. जनुकक्रम तपासल्यावर उलगडा झाला: मधल्या काळात तो लक्षणं नसलेल्या रुग्णांमधून फिरत होता.

म्हणून रक्त-लघवीच्या कल्चरवर (जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीवर) थांबू नका. एक रुग्ण सापडला की वॉर्डातल्या सगळ्यांचा गुदमार्गाचा स्वॅब घ्या आणि दर आठवड्याला पुन्हा घ्या. स्वॅबवर विष्ठेचा अंश दिसायलाच हवा, नाहीतर निगेटिव्ह अहवालाला अर्थ नाही. जो नुसता वाहक आहे, म्हणजे अंगात जंतू आहे पण आजार नाही, त्याला अँटिबायोटिक देऊ नका. आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि चिवट्याला रान मोकळं होतं.

सिंककडे तर कुणाचं लक्षच नसतं. उरलेलं सलाईन, औषधं, रुग्णाला पुसलेलं पाणी सगळं हात धुण्याच्या सिंकमध्ये ओततात. पाइपच्या बाकात बुळबुळीत थर साचतो, त्यात जंतू तग धरतात. नळाची धार थेट जाळीवर पडली की शिंतोडे मीटरभर उडतात. एनआयएचमध्येही सिंकच्या निचऱ्यात जंतू सापडला होता. नुसतं ब्लीच ओतून हा थर कायमचा जात नाही. धार जाळीच्या बाजूला पडेल असा नळ बसवा, इंजेक्शन भरण्याचं टेबल मीटरभर लांब ठेवा, सांडपाणी वेगळ्या सिंकमध्येच टाका.

पुसतानाही घोळ होतो. मळावर हायपोक्लोराइट (ब्लीच) मारलं तर ते मळातच खर्ची पडतं. आधी साबणाने पुसा. मग 5 टक्के द्रावणाचा 1 भाग 49 भाग पाण्यात मिसळा, म्हणजे 1000 पीपीएम (दहा लाख भागांत 1000 भाग) होतं. पृष्ठभाग 10 मिनिटं ओला राहू द्या. द्रावण रोज नवं करा आणि त्यात ॲसिड कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. यंत्रांना मात्र उत्पादकाने सांगितलेलंच द्रावण वापरा. एनआयएचमध्ये स्वच्छ केलेल्या व्हेंटिलेटरवरही जंतू मिळाला होता, तेव्हा साफ केलेल्या यंत्राचाही स्वॅब पाठवा.

ग्लोव्हज काढल्यावर हँडरब (हातांना चोळायचं अल्कोहोलचं द्रावण) लागतोच: तळवा भरून घ्या, 20 ते 30 सेकंद चोळा.