लाइट बिल अन् क्रेडिट कार्डचं बिल बँकेतून भरता? मग या चुका टाळा

पैसे खात्यातून कटले म्हणजे बिल भरल्या गेलं, असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात अन् सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

खेड्यात रेंजचं तर काही विचारूच नका, लाइन गेली की टॉवरही बसते, मग गच्चीवर जाऊन फोन धरा. पिन टाकला की ते चाक गरगर फिरत राहते, माणूस दोन मिनिटं वाट पाहते अन् पुन्हा भरते. असं करू नका बापा. पेंडिंग म्हणजे फेल नव्हे. आधी बँकेचा मेसेज नाहीतर स्टेटमेंट पाहा, मग महावितरणच्या अ‍ॅपवर थकबाकी अजून दिसते का ते पाहा. यूपीआयनं पैसे कटले पण समोर पोचलेच नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ५ दिवसांत परत यायला पाहिजे, त्याच्यावर उशीर झाला तर बँकेनं रोजचे १०० रुपये द्यायचे असतात, हे बँकेत कोणी आपणहून सांगत नाही. दोनदा भरल्या गेलं तरी लाइट बिलाचे पैसे बुडत नाही, पुढच्या बिलात वळते होतात. पण पेरणीच्या तोंडावर तेवढेही अडकले की जड जाते.

ग्राहक क्रमांक १२ आकडी असतो, तो पूर्ण जुळवा, नुसतं नाव पाहून पुढे जाऊ नका. कारण आपल्याकडे बिलावर नाव अजूनही आजोबाचंच! आमच्या गावात दोन भावांची दोन मीटरं, दोन्ही आजोबाच्या नावानं. धाकटा इमानदारीनं बिल भरत गेला, ते जमा होत होतं मोठ्याच्या मीटरवर, अन् लाइनमन कट करायला आला याच्या दारात. मोठा म्हणे, मले वाटलं सरकारनं माफ केलं.

तारखेचंही पाहा. बिलावर लवकरची तारीख असते त्याच्या आत भरलं तर थोडी सूट, देय तारीख गेली की सव्वा टक्का विलंब आकार. चेकनं भरलं तर चेक वटते तो दिवस धरतात, दिला तो नाही. अन् सीएससीवाला, म्हणजे गावातला ऑनलाइन सेवा केंद्रवाला, दिवसभर लोकांचे पैसे घेऊन ठेवते अन् नेट आलं की रात्री भरते, म्हणून त्याच्या वहीतल्या टिकवर जाऊ नका, ट्रान्झॅक्शन नंबर असलेली पावतीच मागा, तक्रार करायची वेळ आली तर तोच नंबर लागते.

आता क्रेडिट कार्ड. गावातले मास्तर लोकं, कृषी केंद्रवाले, आजकाल सगळ्यांकडे आहे. यात सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलावरची कमीत कमी रक्कम, तेवढीच भरून निवांत बसणं. २०,००० च्या बिलावर १,००० भरले की दंड वाचतो, व्याज नाही वाचत. महिन्याला साडेतीन टक्क्यानं धरलं तरी उरलेल्या १९,००० वर ६६५ रुपये, वरून १८ टक्के जीएसटी, अन् नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते, बिनव्याजी मुदत गेली उडत. सावकार बरा म्हणायची वेळ येते. शेवटच्या तारखेला रात्री भरायचंही काही खरं नसते, जमा व्हायला कधीकधी वेळ लागते, दोन-तीन दिवस हातात ठेवा. एनईएफटीनं, म्हणजे बँक खात्यातून थेट, पाठवत असाल तर खाते नंबरच्या जागी कार्डचा नंबर टाकावा लागते, एकेक आकडा मोठ्यानं वाचा.

ऑटोपे, म्हणजे ठरल्या तारखेला खात्यातून आपोआप पैसे कटणं, चांगलं आहे, पण ते पगारदारासाठी. कापसाचा चुकारा कधी येईल याचा नेम नाही अन् हप्ता ५ तारखेला, मग खात्यात बॅलन्स नसला की बँक वेगळा चार्ज लावते अन् समोरचा वेगळा.

अन् 'आज रात्री तुमची लाइन कापणार, या नंबरवर फोन करा' असा मेसेज खासगी मोबाइल नंबरवरून आला तर तो महावितरणचा नसतो. फोन करू नका, लिंक दाबू नका, कोणी सांगितलेलं अ‍ॅप टाकू नका. पैसे गेलेच तर बँक उघडायची वाट पाहू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लावा.